आपला जुना संगणक कोण सांभाळणार? : ओपन सोर्स प्रकल्प आणि ‘सपोर्ट’चा निर्णय



मागच्या सत्रात लॅबमध्ये एक मोफत सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. लॅबचे संगणक विंडोज ७ चे. सॉफ्टवेअर काही बसेना. तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, फुकटचं आहे म्हणून असं करतात का?” प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला एक पूर्ण तास लागला. तोच पाठ इथे मांडते.

‘सपोर्ट’ म्हणजे नेमकं काय?

एखादा प्रोग्राम विंडोज, लिनक्स किंवा मॅकवर ‘चालतो’ हे वेगळं आणि त्यावर ‘सपोर्ट’ असणं वेगळं. सपोर्ट म्हणजे जबाबदारी. प्रत्येक बदलानंतर त्या प्रणालीवर चाचणी घ्यायची, बिघडलं तर दुरुस्त करायचं, सुरक्षेतली भोकं बुजवायची. ओपन सोर्स प्रकल्पात हे काम बरेचदा स्वयंसेवक करतात. त्यांचा वेळ मोजकाच असतो.

निर्णय कसा होतो?

पायथनचं उदाहरण घेऊ. त्यांनी यासाठी लेखी नियमच केला आहे. त्याचं नाव ‘पेप ११’. त्यात प्रणालींच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरची प्रणाली बिघडली तर नवी आवृत्ती अडते, आणि ती दुरुस्त करणं ही सगळ्याच मुख्य डेव्हलपरांची जबाबदारी. दुसऱ्या पायरीसाठी किमान दोन मुख्य डेव्हलपरांनी जबाबदारी घ्यावी लागते. तिसरीसाठी किमान एकाने. पण तिथे बिघाड झाला म्हणून नवी आवृत्ती थांबत नाही. थोडक्यात, “किती जण वापरतात?” एवढंच विचारून भागत नाही. “सांभाळणार कोण?” हेही विचारावं लागतं.

विंडोजचा नियम आणखी सरळ. पायथनची नवी आवृत्ती येते त्या वेळी मायक्रोसॉफ्ट स्वतः विंडोजच्या ज्या आवृत्त्या सांभाळत असेल, त्याच धरायच्या. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. पायथन ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आलं, म्हणून ते विंडोज ७ वर चालत नाही, ३.८ मात्र चालतं. यात कुणाची लहर नाही. तारीख बघून कुणालाही आधीच सांगता आलं असतं.

लिनक्सचं उदाहरण मुलांना फार आवडतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला सुरुवात केली ती ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर. पण २०१३ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीतून त्याच ३८६ चा सपोर्ट काढून टाकला! जिथे जन्म झाला ते घरही सोडावं लागलं.

मग अन्याय होत नाही का?

होतो, थोडा होतो. जुनं यंत्र कुणाकडे असतं? ज्याला नवं परवडत नाही त्याच्याकडे. कोड खुला आहे, कुणीही जुनी आवृत्ती सांभाळू शकतो, हे खरं. पण आपल्या शाळेत ते करणार कोण? म्हणून चांगला प्रकल्प सपोर्ट काढण्याआधी सूचना देतो आणि जुनी आवृत्ती उपलब्ध ठेवतो. पायथन ३.८ ला ऑक्टोबर २०२४ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळत होत्या.

वर्गात करायची कृती

मुलांना सांगा: तुम्ही तिघांनी प्रश्नमंजूषेचा प्रोग्राम केला आहे. प्रत्येकाकडे आठवड्याला दोन तास, म्हणजे एकूण सहा. विंडोज ११, विंडोज १०, लिनक्स, मॅक यांच्या चाचणीला प्रत्येकी एक तास, जुन्या विंडोज ७ ला दोन. सगळ्या घेतल्या तर सहाही तास संपले. नवा प्रश्न लिहायला एक मिनिट उरत नाही! आता काय सोडाल? जे सोडाल ते वापरणाऱ्याला चार ओळींचं पत्र लिहा: कारण काय आणि पर्याय काय.

आमच्या वर्गात हे पत्र लिहितानाच मुलं गप्प झाली. ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं, हे त्यांना तिथे कळलं.

पालकांसाठी

जुना संगणक घेताना रॅमबरोबर हेही विचारा: यावरची प्रणाली कधीपर्यंत सांभाळली जाणार? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. घरात तसा संगणक असेल तर लगेच भंगारात काढू नका. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. आम्ही लॅबमध्ये तेच केलं आणि आमचे बरेचसे संगणक पुन्हा कामाला लागले.