शाईला एक उन्हाळा दाखवा

शाईच्या दुकानात काउंटरवर एक मळकी वही असते. गिऱ्हाईक पेन बुडवतं, स्वतःचं नाव लिहितं, दोन गिरक्या काढतं आणि मान डोलावतं. त्या वहीत मी आजवर एकही वाईट शाई पाहिलेली नाही. ओली शाई सुंदरच दिसते, आणि आपण पैसे देतो ते त्या ओल्या रंगाचे.

अकोल्यात, माहेरी गेले असताना, मी अशीच एक जांभळी शाई घेतली. "घ्या न ताई, परमनंट आहे, कायी होत नाही तिले," दुकानदार म्हणाले. बाटलीवरही तसंच छापलेलं होतं. त्या शाईनं मी आईच्या पंचाहत्तरीसाठी घराण्याची वंशावळ लिहिली. जाड हातकागद, रुंद निब, काठानं वेलबुट्टी. भावानं फ्रेम करून ती ओसरीवर लावली, जिथे दुपारनंतर ऊन येतं. दुसरा उन्हाळा सरला आणि वहिनीचा फोन आला, "ताई, आजेसासऱ्यांचं नाव दिसून नाही राह्यलं."

फ्रेम उतरवून काच काढली. पणजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळी नावं फिकट राखाडी झाली होती, काही तर कागद तिरपा धरल्यावरच वाचता येत होती. पण लाकडी पट्टीखाली झाकलेल्या काठावरची वेलबुट्टी लिहिल्या दिवसासारखी गडद जांभळी होती. म्हणजे कागदाचा दोष नव्हता, ओलही लागली नव्हती. शाई उन्हानं खाल्ली होती. दुकानदार खोटं बोलले होते असंही नाही. शाईच्या धंद्यात परमनंट म्हणजे पाण्यानं न धुपणारी. उन्हाबद्दल त्यात काहीच कबूल केलेलं नसतं.

तेव्हापासून नवी शाई आली की मी आधी तिला खिडकीत बसवते. सोयाबीन पेरण्याआधी शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवणशक्ती पाहतो, तसंच हे. एका कागदावर चार-पाच ओळी लिहायच्या, खाली ब्रशनं एक पट्टा ओढायचा, शाईचं नाव आणि तारीख मात्र पेन्सिलनं टाकायची, कारण पेन्सिल उडत नाही. कागदाच्या अर्ध्या भागावर काळं कार्ड चिकटवायचं आणि तो पश्चिमेच्या काचेवर आतून लावायचा. आमच्याकडे पारा ४५च्या पुढे जातो आणि ऊन संध्याकाळपर्यंत हटत नाही. एप्रिलमध्ये लावलेला कागद मृग लागला की काढायचा आणि कार्ड उचलून दोन्ही अर्धे भाग शेजारी शेजारी पाहायचे. बाटलीवरच्या कुठल्याही मजकुरापेक्षा हा कागद जास्त सांगतो.

माझ्या खिडकीत सगळ्यात आधी माना टाकतात त्या जांभळ्या, गुलाबी आणि लाल. त्यांतली बरीच रंगद्रव्यं प्रकाशापुढे मुळातच दुबळी असतात. शाळेतली रॉयल ब्लू राखाडीकडे जाते. ती धुता यावी म्हणूनच केलेली असते, मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यांसाठी, तेव्हा तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. मोरपंखी बऱ्यापैकी तग धरते. आणि खऱ्या अर्थानं टिकते ती लोहयुक्त निळी-काळी.

ही शाई आपल्याला परकी नाही. हिरड्यातलं किंवा बाभळीच्या सालीतलं टॅनिन आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग धरतो, हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांनाही ठाऊक होतं. पेनातून उतरताना ही शाई फिकी असते. लिहिताना अक्षर दिसावं म्हणून तिच्यात थोडा निळा रंग घातलेला असतो. मग हवा लागली की लोह बदलतं आणि अक्षर दिवसभरात काळवंडत जातं. भारतीय मानकांत आयएस २२० हे मानक फाउंटन पेनच्या अशाच शाईसाठी आहे, लोहाचं प्रमाण ०.१ टक्का. त्यामुळे निळी-काळी शाई पाहायची तर लिहिल्याबरोबर मत देऊ नये. सकाळी एक ओळ लिहावी, दुसऱ्या दिवशी तिच्याखाली तीच ओळ पुन्हा लिहावी आणि दोन्हींत फरक दिसतो का ते पाहावं. फरक नसेल तर ती नुसती निळी-काळ्या रंगाची शाई आहे. तिच्यात लोह नाही. लोहाची शाई आम्लधर्मी असते हेही ध्यानात असू द्या. ती पेनात भरून विसरायची नाही. स्वस्त पोलादी निबेला ती गंज चढवते.

आता पाण्याचं. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या शाईवेड्यांना सांगून पटत नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या काठानं आपला खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूरकडच्या विहिरीचं पाणी ताटलीत वाळवून पाहा, तळाशी पांढरा थर राहतो. त्याच पाण्यानं पेन धुतलं की हा थर निबखालच्या काळ्या जिभेच्या बारीक खाचांत बसतो. मग नवी शाई भरली की ती अडखळत उतरते, रंग फिका पडतो आणि आपण म्हणतो, शाई कोरडी आहे. शाई बिचारी बरी असते. दर्यापूरच्या माझ्या नणंदेनं अशीच एक चांगली हिरवी शाई मोडीत काढली होती. तिचं पेन डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं आणि त्याच हिरव्या शाईनं ती आता हिशेब लिहिते. असं पाणी मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं. मागताना पाणीच मागा, त्याच फळीवर ॲसिडही असतं. आमचे आजोबा शाईची वडी पावसाच्या पाण्यात विरघळवत आणि दौत वेगळी झाकून ठेवत. लहानपणी तो मला त्यांचा सोवळेपणा वाटायचा. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, तोच उद्योग पुढे कॅम्लिन झाला. त्या काळी शाईतला रंग कारखान्याचा आणि पाणी ज्याच्या त्याच्या गावचं. म्हणजे वडी एकच असली तरी शाई गावागणिक थोडी वेगळी होणारच.

पाण्यानं शाई धुपते का हे पाहायचं तर लिहून एक दिवस जाऊ द्या, मग ओळीवर ड्रॉपरनं थेंब सोडा, थोडं थांबा आणि टीपकागदानं उचला. चोळू नका. पाण्याखाली काय उरतं ते पाहा. अक्षर वाचता आलं तर पावसाळ्यात पिशवीतली वही भिजली तरी काम भागेल. टीपकागदाच्या पट्टीवर शाईचा एक ठिपका ठेवून टोक पाण्यात धरलं तर आणखी मजा दिसते. पाणी वर चढतं आणि काळी म्हणून घेतलेल्या शाईतून जांभळा, पिवळा, निळा असे पदर सुटे होतात. यातला कुठला पदर पुढे उन्हात उडणार, हे खिडकीतला कागद सांगतो.

कागदाकडे लोक सर्वांत कमी पाहतात. भारी परदेशी कागदावर शाई चमकते, किनारीला तांबूस झाक येते आणि फोटो छान निघतो. आपण लिहिणार कशावर? भाच्याच्या शाळेच्या वहीवर, बँकेच्या फॉर्मवर, लाल कापडी बांधणीच्या खतावणीवर. खतावणीचा कागद खळ दिलेला, घट्ट असतो, त्यावर बहुतेक शाया सरळ चालतात. स्वस्त वहीवर त्याच शाईला मुळ्या फुटतात आणि मागच्या पानावर डाग उमटतात. आणि इथे आपला कूलर मधे येतो. मे महिन्यात अमरावतीला वाळ्याचा कूलर लावून बसलं की खोलीतला कागद दमट होतो. सकाळी कोरड्या हवेत नीट उठलेलं अक्षर दुपारी कूलरसमोर पसरतं. मी आधी वहीला नावं ठेवली, मग कूलर बंद करून त्याच पानावर लिहिलं, तेव्हा उलगडा झाला. म्हणून शाईबद्दल काही लिहून ठेवताना पेन, निब आणि कागद यांच्याबरोबर महिनाही लिहावा. कूलर चालू होता की नाही तेही लिहावं, लोक हसले तरी.

उन्हाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. टोपण सैल असलं की पेनातलं पाणी उडतं, रंग मागे राहतो आणि शाई दाट होते. आठवडाभर पडून राहिलेल्या पेनातून पहिलं पान काळपट उमटतं, तो काही त्या शाईचा रंग नव्हे. दुकानातल्या जुन्या बाटल्यांचंही हेच होतं. बाटली उजेडासमोर धरा. शाई मानेच्या बरीच खाली गेली असेल, टोपणाच्या आट्यांत खडे जमले असतील, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ठेवून द्या. घरी आणलेल्या बाटलीत पेन थेट बुडवू नका. छोट्या कुपीत लागेल तेवढी ओतून घ्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशीचे धागे तरंगायला लागतात आणि कुबट वास येतो. अशी बाटली गाळून वापरायचा मोह होतो. फेकून द्या, बुरशी पेनात बसली की निघता निघत नाही.

टिकाऊपणाचं वेड डोक्यात शिरलं की माणूस काजळाच्या शाईकडे वळतो. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आमच्यापासून फार दूर नाही. महानुभावांचं ते मोठं स्थान, गोविंदप्रभू आणि म्हाइंभट राहिले ते गाव. महानुभावांच्या जुन्या पोथ्यांतली अक्षरं पाहिली की वाटतं, शाई असावी तर अशी. काजळ म्हणजे मुख्यतः कार्बन, त्याला उन्हाचं भय नाही. पण ती शाई बोरूसाठी होती, आणि काजळ कागदाला धरून राहावं म्हणून तिच्यात डिंक असे. चित्रकलेच्या दुकानातली जलरोधक काळी ड्रॉइंग शाई हा तिचाच प्रकार. ती फाउंटन पेनात भरली की आत वाळून दगड होते, मग कुठलंही पाणी तिला सोडवत नाही. ती टाकानंच लिहावी आणि लिहून झाल्याबरोबर टाक पुसावा.

रंग पाहायचा तो दिवसाच्या उजेडात, सकाळी, खिडकीजवळ. एलईडीखाली निळ्या शाया एकमेकींसारख्या दिसू लागतात, आणि मोबाईलचा कॅमेरा तर प्रत्येक जांभळी निळी करून टाकतो. ब्रशचा पट्टा नेहमी अक्षरापेक्षा गडद असतो, तेव्हा पट्ट्यावर भाळू नका. बारीक निबेनं एक अख्खं पान लिहा, डोळ्यांना त्रास होतो का पाहा. पिवळसर हिरवी शाई पट्ट्यात मोहक असते, पानभर वाचवत नाही. हे माझं मत, भाचा ते मान्य करत नाही.

त्याला दोन कंपन्यांच्या शाया मिसळून स्वतःचा रंग करायचा आहे. "आत्या, हिरवी आणि निळी-काळी मिळून शेवाळी होईल न?" होईल. पण एक शाई आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असली तर रंगाचा साका धरतो. म्हणून पेनात मिसळायची नाही. काचेच्या लहान बाटलीत दोन्हींचे थोडे थोडे थेंब, झाकण घट्ट, आणि बाटली फळीवर. पंधरवडा गेला की ती न हलवता अलगद तिरपी करायची. तळाशी गाळ सरकताना दिसला तर तो रंग वहीत नोंदवून ठेवायचा आणि बाटली रिकामी करायची. तळ स्वच्छ असेल तर आधी स्वस्त पेनात भरायची, म्हणजे पुढे काही बिनसलं तरी मोठं नुकसान नाही.