बाण पाठ करू नका, कारण धरा

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. आवर्तसारणी आली की पोरं बाण पाठ करतात: गणात खाली जाताना हे वाढतं, ते घटतं. प्रश्न जरा वाकडा आला की गाडी अडते. या पाठाबद्दल वर्गात आणि प्रयोगशाळेत जे उमगलं, ते नव्या शिक्षकांसाठी.

१. आधी दाखवा, मग सांगा.
सोडियमचा खडा रॉकेलमधून चिमट्याने काढा, टिपकागदाने टिपा आणि सुरीने कापा. कापलेली बाजू लखलखते, आणि मागच्या बाकावरची पोरं पुढे येईपर्यंत मळकटतेसुद्धा. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा फिनॉल्फथॅलीन घातलेल्या पाण्यात सोडला की वितळून त्याची गोळी होते. ती सूं-सूं करत सैरावैरा पळते आणि मागे गुलाबी रेघ सोडते. पोटॅशियम पडताक्षणी जांभळट ज्योतीने पेटतं. लिथियम न वितळता नुसते बुडबुडे काढत राहतं. मध्ये काच हवी, डोळ्यांवर चष्मे हवेत. आणि पोरांनी कितीही गळ घातली तरी तुकडा मोठा करायचा नाही.

२. कारण एकच आहे, तेच दोन्ही टोकांना लावा.
खाली उतरताना दर पायरीला एक कवच वाढतं. बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो, आतले आड येतात, पकड सैल होते. आकडे फळ्यावर लिहाच: तो इलेक्ट्रॉन काढायला लिथियमला दर मोलमागे ५२० किलोज्यूल लागतात, सोडियमला ४९६, पोटॅशियमला ४१९, सीझियमला ३७६.
सतराव्या गणात इलेक्ट्रॉन द्यायचा नसतो, घ्यायचा असतो. पकड सैल झाली की घेणं अवघड, म्हणून तिथे क्रियाशीलता खाली घटते. पोटॅशियम आयोडाइडच्या बिनरंगी द्रावणात क्लोरीनचं पाणी घाला. द्रावण तपकिरी होतं, स्टार्च टाकला की निळंकाळं. क्लोरीनने आयोडीनला हुसकून लावलं. मग पोटॅशियम क्लोराइडमध्ये आयोडीन घाला. क्लोरीन जागचा हलत नाही, आणि हे न घडणंही दाखवण्यासारखं आहे.

३. वेग वेगळा, ऊर्जा वेगळी.
एखादी चौकस पोरगी विचारतेच: लिथियमचं स्टँडर्ड पोटेन्शियल −३.०४ व्होल्ट, सोडियमचं −२.७१, मग पाण्यात लिथियम एवढं संथ का? प्रश्न रास्त आहे. लिथियमचा आयन इवलासा असल्याने पाण्याचे रेणू त्याला घट्ट धरतात आणि भरपूर ऊर्जा सुटते. दर मोलचा हिशेब केला तर लिथियम सोडियमपेक्षा जास्तच ऊर्जा देतं. पण त्याचा इलेक्ट्रॉन सहजी सुटत नाही, शिवाय ते वितळायला १८० अंश सेल्सिअस लागतात. सोडियमला ९८, पोटॅशियमला ६४ पुरतात. वितळलेल्या धातूचा नवा पृष्ठभाग सतत पाण्याला भिडतो. पोरांना दिसतो तो भडका वेगाचा.

४. मधल्या गणांना पहिल्या गणाचा नियम लावू नका.
तांब्याची भांडी कळकतात, चांदीचे पैंजण हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळे पडतात, सोन्याला काही होत नाही. गण एकच, पण खालचं सोनंच सर्वांत थंड. सोन्यापर्यंत येताना केंद्रकावरचा प्रभार ७९ होतो, आणि मध्ये भरलेले एफ-इलेक्ट्रॉन त्याला नीट झाकत नाहीत. सोन्याचा अणू चांदीच्या अणूएवढाच राहतो, पकड मात्र घट्ट होते. बाण फिरला, कारण तेच राहिलं.

५. कल अंदाज बांधण्यासाठी असतो.
नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये कॅनडात हेच केलं. प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन खेचतं, हे त्यांना दिसलं होतं. झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते, हे त्यांनी तक्त्यात ताडून पाहिलं. झेनॉन अठराव्या गणात बराच खाली, म्हणून पकड तुलनेने सैल. दोन्ही वायू एकत्र येताच पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला, आणि या गणाची संयुगं होतच नाहीत हा समज निकालात निघाला.

म्हणून चाचणीत ‘कल लिहा’ असं मी विचारत नाही. पोरांनी न पाहिलेलं रुबिडियम देतो: ते कुठे साठवाल, पाण्यात टाकलं तर काय होईल, आणि कशावरून? गुण ‘कशावरून’ला.