लाकूड घरात कुठं होतं, ते आधी विचारा

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत एखादं जुनं घर पाडायला निघालं की आम्हा सुतारकाम करणाऱ्यांना निरोप येतो. विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: शंभर वर्षांचं लाकूड आहे. वयाचं मला फारसं अप्रूप नाही. घर उभं असतानाच जाऊन कुठला नग कुठं बसलाय ते मी बघून येतो.

चुलीवरचे वासे काजळीने काळे झालेले असतात, म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं. मी तेच आधी मागतो. वर्षानुवर्षं धूर खाल्लेल्या लाकडाला कीड सहसा शिवत नाही आणि काजळी रंधा मारताच निघते. याउलट वळचणीकडची टोकं पावसाने खाल्लेली, चौकटीचा उंबऱ्यालगतचा भाग वाळवीचा. तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक सगळ्यांत फसवं: वरून ठणठणीत, आत भुगा. पेचकस खुपसून बघा, रुतला तर तेवढं टोक सोडून भाव करा. बारीक भोकं दिसली तर नग उभा धरून आपटा. पिठासारखी ताजी भुकटी गळाली तर किडा आत जिवंत आहे.

डिचोलीकडच्या एका पडक्या घराचे ऐनाचे खांब छप्पर कोसळल्यावर पावसात उघडेच होते. जुनं म्हणजे सुकं, असं धरून एकाने त्यांचं जेवणाचं टेबल करवून घेतलं आणि मुंबईच्या एसी फ्लॅटमध्ये नेलं. वरच्या फळ्या आडव्या पट्ट्यांना गोंद लावून जखडल्या होत्या. सुकताना लाकूड आकसलं, पट्ट्या हलू देईनात, आणि टेबल मधोमध तडकलं. दुरुस्तीला माझ्याकडे आलं तेव्हा फटीत बोट जात होतं. असं भिजलेलं लाकूड छपराखाली मध्ये रिपा घालून रचा. एकाच तुकड्याचं अधूनमधून वजन करत राहा. वजन उतरायचं थांबलं की करवत लावा. फळी बसवताना स्क्रूची भोकं लांबट ठेवा, म्हणजे तिला हलायला जागा राहते.

खिळ्यांसाठी लोहचुंबक फिरवाच. आत मोडलेला एक खिळा गिरणीचं पातं घालवतो आणि ते बिल तुमच्याच नावावर येतं. ऐनात खिळ्याभोवती काळा डाग पडतो. तो घासून जात नाही, आणि मला तर आवडतोही. जुना तेलरंग मात्र कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा.

आता कागद. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा नियमांमुळे गोव्यातल्या घरात सगळ्या भावाबहिणींचा, बहुधा त्यांच्या जोडीदारांचाही हिस्सा असतो. पेडण्यात एकदा चौकटी टेम्पोत भरून झाल्या आणि परगावच्या बहिणीचा फोन आला. सगळा माल परत उतरवला. तेव्हापासून सर्वांच्या सह्या झाल्याशिवाय मी पैसे देत नाही. पत्रादेवी किंवा दोडामार्गमार्गे माल महाराष्ट्रात न्यायचा असेल तर वाहतूक परवान्याचं वन खात्यात आधी विचारून घ्या. पावती आणि घराचे फोटो जवळ असले तर झाड नुकतं तोडलेलं नाही, हे दाखवायला बरं पडतं. फोटो घर उभं असतानाचे काढा. ढिगाऱ्यातला वासा कुठल्या घरातला, हे पाडणारासुद्धा सांगू शकत नाही.