पडद्याचा उजेड आणि लिनक्स प्रणाली

गेल्या हिंवाळ्यांत देऊळगांव राजा येथील एक विद्यार्थी आपला जुना लॅपटॉप घेऊन आम्हांकडे आला. त्यावर त्यानें लिनक्स प्रणाली चढविली होती. तेव्हांपासून पडदा इतका मंद झाला कीं, अक्षर लागेना, व उजेडाच्या कळा दाबून कांहीं उपयोग होईना. एका दुरुस्तीवाल्यानें पडदाच बदलावयास सांगितलें होतें. घरीं आलेले कापसाचे पैसे त्यांत जाणार, ही मुलाची चिंता. आम्हीं त्यास थांबविलें.

विद्यार्थी मित्रहो, कळेची आज्ञा प्रणालीच्या गाभ्यांतून, म्हणजे कर्नलमधून, पडद्यामागील दिव्यास पोंचते. यांपैकीं कोणता दुवा तुटला, हें आधीं पाहावें.

लिनक्समध्यें यंत्राचे भागही फाइलींच्या रूपानें दिसतात. ‘सिस’ या कप्प्यांत ‘क्लास’, त्यांत ‘बॅकलाइट’ व त्यांत दिव्याचा कप्पा असतो. तेथील ‘मॅक्स ब्राइटनेस’ फाइलींत उजेडाची कमाल मर्यादा व ‘ब्राइटनेस’ फाइलींत ठरविलेला आंकडा असतो. ‘सुडो’च्या अधिकारानें या दुसऱ्या फाइलींत कमाल मर्यादेच्या निम्मा आंकडा लिहावा. शून्य कधींही लिहूं नये. कित्येक यंत्रांत त्यानें दिवा साफ मालवतो. उजेड बदलला, तर दिवा शाबूत आहे.

त्या मुलाच्या यंत्रांत दोन कप्पे निघाले: ‘एसीपीआय व्हिडिओ’ आणि ‘इंटेल बॅकलाइट’. पहिल्यांत आंकडा लिहून कांहींच झालें नाहीं. दुसऱ्यांत लिहितांच पडदा उजळला. कळेचा निरोप भलत्याच कप्प्यांत जात होता!

अशा वेळीं यंत्र सुरू होतांना ग्रबच्या यादीवर ‘ई’ ही कळ दाबावी. ‘लिनक्स’ शब्दानें आरंभ होणाऱ्या ओळीच्या शेवटीं एक जागा सोडून एसीपीआय, अंडरस्कोर, बॅकलाइट, बरोबरीचें चिन्ह व नेटिव्ह हें सर्व लहान रोमन अक्षरांत सलग लिहावें. मग ‘एफ १०’ दाबावी. हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो. चूक झाली तरी यंत्र पुन्हां सुरू करतांच सर्व पूर्ववत् होतें. गुण न आल्यास ‘नेटिव्ह’ऐवजीं ‘व्हेंडर’, मग ‘व्हिडिओ’ लिहून पाहावें. गुण आल्यावरच ‘ईटीसी’मधील ‘डिफॉल्ट’ कप्प्यांतील ‘ग्रब’ फाइलींत, कर्नलच्या सूचनांच्या ओळींत, तो मजकूर कायम करावा. डेबियन व उबुंटू यांत त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी लागते.

मुलाचें काम ‘नेटिव्ह’नेंच झालें व कापसाचे पैसे घरींच राहिले. नवा पडदा घेण्यापूर्वीं जुन्याची परीक्षा करावी, एवढेंच आमचें सांगणें.