पिकअपचा बॉल जॉईंट : तुटल्यावर काय करावे, तुटण्याआधी काय पाहावे



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, खताच्या मात्रा आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी गाडीच्या एका सांध्याविषयी लिहीत आहोत. ऊस विकास खात्याचा माणूस मिस्त्रीच्या कामात कशाला पडला, असे कोणी म्हणेल. पण आज आपल्या कार्यक्षेत्रात बेणे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, वाढे, दुधाचे कॅन हे सारे पिकअपवर चालते, आणि त्यांतल्या पुष्कळशा गाड्या जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या आहेत. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायला आपले वडील कधी विसरत नसत. पिकअपच्या पुढच्या चाकामागेही तसाच वंगण मागणारा एक सांधा आहे, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते.

सन २०२३ च्या जुलैची गोष्ट. कारखान्याच्या बेणे मळ्यातून एका सभासदाचे आडसाली लागणीचे बेणे निघाले होते. को ८६०३२, दहा महिन्यांचे, डोळे फुगलेले चांगले बेणे. या सभासदांना येथे आपण अण्णा म्हणू. नाव छापू नका असे त्यांनीच बजावले आहे. गाडी सतरा वर्षांची. मळ्याच्या फाटकात ती वळताना पुढच्या डाव्या बाजूने खट् खट् असा आवाज आला. आम्ही विचारले, तर अण्णा म्हणाले, "साहेब, त्यो आवाज पाडव्यापासनं हाय. रोजचाच हाय." आम्हीही मग पुढे काही बोललो नाही. पावसाची उघडीप आहे, बेणे वाळायला नको, बिगीनं निघा, एवढेच म्हणालो. ही आमची चूक झाली, ती येथे लिहून ठेवतो.

हायवे संपवून गाडी गावच्या रस्त्याला लागली. आम्ही मोटरसायकलवर मागेच होतो. ओढ्याच्या उतारावर, अगदी बैलगाडीच्या चालीने जात असताना, डावे चाक खालून बाहेर निसटून तिरपे पडले आणि गाडीचे नाक रस्त्याला टेकले. बेण्यावर बसलेल्या दोन बायांपैकी एक खाली आली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. दहाच मिनिटांपूर्वी हीच गाडी हायवेवर चांगल्या वेगात होती. तिथे हे झाले असते तर काय, हा विचार आम्ही आजही फार लांब नेत नाही. मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले आहे. दवाखान्याचा खर्च अण्णांनी सोसला. बाईंची ऐन हंगामातली दोन महिन्यांची मजुरी बुडाली, तिचाही थोडाफार हिशेब त्यांनी केला.

आता मूळ विषय. हा सांधा म्हणजे माणसाचा खुबा समजावा. मांडीच्या हाडाचा गोळा जसा खुब्याच्या वाटीत फिरतो, तसा येथे पोलादी गोळा वाटीत फिरतो. वाटी गाडीच्या आर्मला बसवलेली असते. गोळ्याला एक निमुळता दांडा असतो, तो चाक धरणाऱ्या नकलच्या निमुळत्या भोकात ताठ बसतो. त्यावर खाचांचा नट आणि नट फिरू नये म्हणून स्प्लिट पिन. वाटीच्या तोंडावर रबरी टोपी. चाक खड्ड्यात वर-खाली होते आणि स्टिअरिंगबरोबर वळते, ही दोन्ही कामे एकाच वेळी या गोळ्यावर होतात. एका चाकाला वरच्या आर्मचा एक आणि खालच्या आर्मचा एक असे दोन गोळे असतात. ज्या पिकअपला पुढेही अखंड आक्सल आणि कमानपाटे आहेत, तिला साधारणपणे किंगपिन असते, हा सांधा नसतो. पण तिच्याही स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांना असेच लहान गोळे असतात, म्हणून त्या मालकांनीही पुढचे वाचावे.

दोन गोळ्यांपैकी एकावर गाडीचे वजन असते, दुसरा नुसता चाक उभे धरतो. स्प्रिंग ज्या आर्मवर टेकली असेल त्या आर्मचा गोळा वजन वाहतो. अण्णांच्या गाडीत टॉर्शन बार खालच्या आर्मला होता, म्हणजे वजन खालच्या गोळ्यावर. त्यातही रचना अशी, की स्प्रिंग आर्मला खाली दाबणार आणि चाक गोळ्याला वर ओढणार. वजन गोळ्याला वाटीत दाबत नाही, तर वाटीबाहेर ओढते. अशा सांध्यात वाटीची कड हीच काय ती राखण. ती झिजून पातळ झाली, की एखादा साधा खड्डाही पुरतो.

गाडी उतारावर बसली तेव्हा फाट्यावरचा एक वेल्डर आला. म्हणाला, "गोळा आत बसवून टाका मारतो, गावापर्यंत जाईल." पावसाचे ढग, गाडीत बेणे, बघ्यांची गर्दी, अशा वेळी हे बोलणे फार गोड लागते. अण्णा तयार झाले होते आणि खरे सांगायचे तर आम्हीही. त्यांच्या पुतण्याने शहरातल्या एका वयस्कर मिस्त्रींना फोन लावला म्हणून वाचलो. ते म्हणाले, "टाका मारला तर गोळा फिरणार कसा? चाक वळणार कसं?" फिरायला केलेली वस्तू डागून टाकली की पहिल्याच वळणाला टाका तरी तुटतो नाहीतर आर्म तरी. शिवाय कडक केलेले पोलाद डागाजवळ ठिसूळ होते. साखळीने, तारेने आवळणे हेही त्यातलेच. आणि ट्रॅक्टरला बांधून गाडी ओढत न्यायची नाही. तिरपे चाक रस्त्यावर घासत गेले, तर ब्रेकची नळी, ब्रेकची पाटी, स्टिअरिंगचा दांडा अशी नुकसानीची रांग लागते. आम्ही बेणे आधी ट्रॉलीत भरून शेतावर पाठवले, लागण त्याच दिवशी झाली. मग गाडीचे नाक चासीखाली जॅक देऊन उचलले आणि क्रेनने ती ट्रकवर चढवली. क्रेनचे भाडे नव्या सांध्याच्या किमतीहून जास्त पडले.

दुरुस्ती आम्ही उभे राहून पाहिली. कृषी पदविकेला ट्रॅक्टर आणि अवजारांचा पेपर होता, त्यानंतर इतक्या लक्षपूर्वक आम्ही गाडीखाली पाहिले नव्हते. मिस्त्रींनी प्रथम मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले. चासी उचलून खाली लोखंडी घोडे दिले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचे नाही, आणि घोड्याऐवजी विटा किंवा दगड लावायचे नाहीत. वीट इशारा न देता फुटते. चाक काढल्यावर खालच्या आर्मला दुसरा जॅक दिला.

यानंतरची पायरी सर्वांत धोक्याची, आणि घरी पाना घेऊन बसणाऱ्यांनी ती दोनदा वाचावी. स्प्रिंगमध्ये फार मोठा जोर कोंडलेला असतो. सांधा सुटताच तो जोर सुटतो आणि आर्म धाडकन खाली येतो. कॉईल स्प्रिंग असेल तर ती उडूनही येते. म्हणून टॉर्शन बारच्या ताण देणाऱ्या बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून, खडूने खूण करून, मग तो सैल करायचा. खूण नसेल तर परत बसवताना गाडी एका बाजूने उंच राहते. कॉईल असेल तर आर्मखालचा जॅक जागेवरून हलता कामा नये, आणि स्प्रिंग दाबायचे शिकंजे ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी ते काम गॅरेजलाच द्यावे.

आमच्या गाडीत गोळा वाटीतून निघालेलाच होता, पण दांडा नकलमध्ये घट्ट बसलेला. तो काढायला मिस्त्रींनी स्प्लिट पिन काढली, नट सैल करून दोन-चार आट्यांवर तसाच ठेवला आणि पुलर लावून ताण दिला. मग नकलच्या डोळ्यावर बाजूने हातोड्याचे दोन ठोके दिले आणि निमुळती पकड सुटली. दांड्याच्या आट्यांवर घण घालणारे आम्ही पाहिले आहेत. गॅसने तापवणारेही पाहिले आहेत. उष्णतेने नकलचे पोलाद मऊ पडते, ते बाहेरून दिसत नाही. ब्रेकचा कॅलिपर काढला तर तो तारेने वर टांगायचा, रबरी नळीवर लोंबकळत सोडायचा नाही.

जुनी वाटी हातात घेतली तेव्हा सारा इतिहास दिसला. रबरी टोपी फाटलेली. पाडव्याच्या सुमारास एका गॅरेजमध्ये त्या फाटक्या टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून वरून ग्रीस भरून दिले होते. आत ग्रीस कुठले, तांबूस चिखल. शेतरस्त्याची माती आणि ओढ्याचे पाणी आत जाऊन तीन-चार महिने गोळ्याला घासत होते. वाटीची कड नखाएवढी पातळ झालेली. अण्णांनी ती बोटाने चाचपली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

नवा सांधा कसा बसतो ते गाडीवर अवलंबून असते. कोठे तो बोल्टने बसतो, कोठे आर्ममध्ये दाबून, तर कोठे आर्मसकटच मिळतो. मूळचा रिव्हेटने बसवलेला असेल तर रिव्हेटची डोकी घासून ते पाडतात, आणि त्या जागी नव्या सांध्याबरोबर आलेलेच बोल्ट लावायचे, डब्यातले कोणतेही नव्हे. दाबून बसणारा सांधा हाताने सहज आत जात असेल, तर आर्मचे भोक मोठे झाले आहे असे समजून आर्म बदलावा. तसेच नकलचे निमुळते भोक लंबगोल झाले असेल तर नकल बदलावा. पत्र्याची पट्टी घालून तो बसवू नये. नट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने आवळायचा. त्यानंतर पिनेचे भोक खाचेसमोर आले नाही तर नट थोडा आणखी आवळून खाच जुळवायची, मागे फिरवून कधीच नाही. पिन नवी घालायची. जुनी सरळ करून घातलेली पिन म्हणजे न घातलेलीच.

मिस्त्रींनी उजवीकडचा खालचा सांधाही बदलायला लावला. अण्णा कुरकुरले. उजवा काढून हलवून दाखवला तेव्हा गप्प बसले. शेवटी अलाइनमेंट करून घेतली. तो खर्च टाळला असता तर पुढचे टायर एका बाजूने खाल्ले गेले असते.

आता घरच्या घरी तपासणी. हिला दोन माणसे, एक जॅक, एक घोडा आणि एक पहार पुरते. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्या आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ देता येईल तितका द्यावा आणि चाक जमिनीपासून दोन-तीन बोटे उचलावे. चासी सावरायला घोडा हवाच. चासीखाली जॅक देऊन ही तपासणी होत नाही, कारण स्प्रिंगचा जोर सांध्यावर तसाच राहतो आणि ढिलाई लपते. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल तर मात्र उलट, जॅक चासीखाली. मग चाकाखाली पहार घालून एकाने हळू वर उचलावे, दुसऱ्याने आर्म आणि नकल यांच्यामधल्या फटीकडे पाहावे. चाक उचलले आणि आर्म जागेवरच राहिला, तर सांधा गेला. नंतर चाक वर आणि खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर एकाने ब्रेक दाबून ठेवावा. खेळ थांबला तर दोष बेअरिंगचा, तरीही राहिला तर संशय सांध्यावर. रबरी टोपी बॅटरीच्या उजेडात भोवताली पाहावी. फाटलेली टोपी दिसली तर आवाजाची वाट पाहू नये.

ज्या सांध्याला ग्रीसचे निपल आहे, त्याला इंजिनाचे तेल बदलताना दर वेळी ग्रीस द्यावे. आधी निपल फडक्याने पुसावे, नाहीतर त्यावरचीच माती आत जाते. टोपी जराशी फुगेपर्यंत द्यावे, फाटेपर्यंत नाही. बंद सांध्याला ग्रीस देता येत नाही, तो तपासायचा आणि बदलायचा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी होते, पण पासिंगनंतरचे पावसाळे, चिखल आणि ओढे आपल्याच वाट्याचे असतात. निदान आडसाली बेण्याच्या वाहतुकीआधी एकदा आणि गाळप सुरू होण्याआधी एकदा ही तपासणी व्हावी.

अण्णांच्या गाडीचा तो जुना सांधा आमच्या गट कार्यालयात टेबलावर ठेवला आहे. बेण्याचा परवाना घ्यायला याल तेव्हा तो हातात धरून हलवून पाहा. फाटकात आम्ही ऐकला तो खट् खट् आवाज त्यातून अजून येतो.