पेटीला पॉलिश करण्याआधी

पोरी, आजोबांची भजनाची पेटी माळ्यावरून काढलीस, फार बरं केलंस. पण गणपती तोंडावर आले म्हणून आज पॉलिशला बसू नकोस. आपल्या या मागांच्या वस्तीत, नारपोलीत, पेटीची आठवण श्रावणातच होते, आणि लाखेच्या पॉलिशला त्याहून वाईट काळ नाही. हवेतली ओल ताज्या पॉलिशवर धरते आणि लाकूड पांढुरकं दिसायला लागतं. यंदा नुसती पुसून भजनाला दे. दिवाळी उलटली की होळीच्या आत काम काढ. तेव्हाही सकाळचं दव जाऊ दे आणि चारच्या आत हात थांबव.

आपल्याकडचा दुसरा वैरी म्हणजे मागांची रुई. सूर म्हणजे पितळेच्या पट्टीत बसवलेली पितळेचीच जीभ. ती ज्या फटीतून हलते तिथं दोन्ही बाजूंना केसाएवढी जागा असते. रुईचा एक धागा किंवा लाकडाचा भुसा अडकला, की तो सूर मुका होतो, नाहीतर घरघरतो. म्हणून पॉलिशपेपरला हात लावण्याआधी सुरांचा आणि पट्ट्यांचा भाग पेटीतून बाहेर निघाला पाहिजे. आधी मोबाइलवर फोटो काढ, पट्ट्यांना खालून पेन्सिलीनं आकडे घाल, आणि तो भाग धुतलेल्या चादरीत गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेव. सहज सुटत नसेल तर ओढू नकोस. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून काढून घे. सूर घासायचे नाहीत, त्यांना तेल तर मुळीच नाही. पॉलिशसाठी शेजारचे माग बंद असतील तो दिवस धर.

आता लाकूड. तुझ्या पेटीवर उदबत्तीची काजळी, हळदकुंकू आणि हाताचं तेल साचलंय. काळी दिसते ती या थरामुळं, लाकूड बहुधा चांगलंच असेल. आधी मऊ ब्रशनं धूळ झाड, मग टर्पेंटाइन लावलेल्या फडक्यानं पूस. टर्पेंटाइननं मेण आणि तेल सुटतं, खालची लाख सुटत नाही. पुष्कळदा एवढ्यानंच सागाची रेघ वर येते, आणि तसं झालं तर सगळं खरवडायचा विचार सोडून दे. कोपऱ्यांवर जिथं वादकाचा हात घासून लाकूड गुळगुळीत झालंय, ती जागा मी तरी कधी घासणार नाही.

पॉलिश कुठलं आहे ते तळाशी तपास. स्पिरिटचा बोळा थोडा वेळ टेकव. चिकट झालं तर लाख आहे, आणि जुन्या लाखेवर नवी लाख एकजीव होते. बोळ्यानं काहीच झालं नाही तर वर नंतरचा कुठला तरी लॅकर आहे. तिथं जाणत्या पॉलिशवाल्याला दाखव.

चपडा लाख एक लिटर स्पिरिटला साधारण दोनशे ग्रॅम घे. काचेच्या बरणीत रात्रभर भिजव, मलमलीतून गाळ. लोखंडी डब्यात ठेवलीस तर काळी पडेल. लागेल तेवढीच कर. महिनोन् महिने ठेवलेली लाख नीट वाळत नाही. आत कापूस, वरून जुन्या धोतराचं फडकं, असा बोळा बांध. मागावरचं कोरं कापड घेऊ नकोस, त्यात सायझिंगची खळ असते. दोनदा धुतल्याशिवाय ते चालत नाही.

चरे असतील तिथं ३२० नंबरचा पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून रेघेच्या दिशेनं हलका फिरव. कडांवर जोर दिलास तर लाकूड उघडं पडतं. मग बोळा पातळ फिरव आणि एका जागी थांबू नकोस. थांबलीस तर खालचा थर विरघळून बोळ्याला चिकटतो. एक हात वाळला की दुसरा. पहिल्या दिवशी चमक येणार नाही, येऊही नये. बोळा अडकायला लागला तर जवसाच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल नको, ते वाळत नाही. भात्याच्या घड्यांना आणि पांढऱ्या पट्ट्यांना लाखही नको, स्पिरिटही नको.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना बजावून सांग. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली की ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. आपल्या वस्तीत कापड आणि सूत कुठं नाही? काम संपलं की ती पाण्याच्या बादलीत बुडव. स्पिरिट उघडं असेल तोवर देवापुढचा दिवाही मालव आणि खिडकी उघडी ठेव.

शेवटच्या हातानंतर पेटी महिनाभर मोकळी राहू दे. प्लॅस्टिक किंवा मेणकापड घालू नकोस, ते कच्च्या लाखेला चिकटतं. धूळ बसू नये म्हणून पातळ सुती कापड वरून सोड, मग सूर आत बसव आणि भाता हलकाच ओढून एकेक पट्टी वाजवून बघ.