आईबापांना देशाबाहेर घालविले, तर मुले कोणाची?

शास्त्रभाग : एज्रा १०, अनुवाद २४:१७-१८

केशवापूरला आमच्या रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांच्या वर्गात एज्राचा दहावा अध्याय चालला होता. परदेशी बायका व त्यांची लेकरे यांना लावून देण्याचा तो ठराव. एका मुलीने विचारले, "काका, मग ती मुले कोणाकडे गेली?" मी अध्याय पुन्हा चाळला. पुरुषांची नावे ओळीने दिली आहेत. मुलांचे एकही नाव नाही. शिक्षकांनी येथून घाईने पुढे जाऊ नये, असे मला तेव्हापासून वाटते.

प्रश्न आपल्या गावालाही नवा नाही. बासेल मिशनने धारवाडला १८३७ साली व हुबळीला १८३९ साली काम सुरू केले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि त्यांचे जर्मन मिशनरी शत्रुदेशाचे नागरिक ठरले. लष्करी वयाच्या पुरुषांना अहमदनगरच्या छावणीत ठेवले. १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' जहाजाने बायकामुलांना युरोपात पाठविले. बाप नगरला तारेच्या कुंपणात, आई व लेकरे समुद्रावर! बापाचा हक्क कोणत्याही न्यायालयाने काढून घेतला नव्हता, पण त्या हक्काने मूल काही मांडीवर येत नाही.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. देशात राहण्याची परवानगी हा एक विषय, मुलाचा ताबा हा दुसरा. अमेरिकेत ग्वाटेमालाच्या एका आईला हद्दपार केले व तिचे पालकत्वही रद्द झाले. नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ते तिला परत दिले. मूल अमेरिकेत अधिक सुखात वाढेल, एवढ्यावरून आईचा हक्क जात नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण गरीब आईविरुद्ध हाच युक्तिवाद आपल्याकडेही सर्रास होतो.

नॉर्वेत २०११ साली एका बंगाली दांपत्याची दोन मुले बालकल्याण खात्याने नेली. व्हिसा संपत आला, तेव्हा आईबाप भारतात आणि मुले तिकडे, अशी वेळ येऊन ठेपली. दोन्ही सरकारांची बोलणी होऊन एप्रिल २०१२ मध्ये मुले काकांच्या ताब्यात भारतात आली. आईला ती मिळण्यास कलकत्ता उच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा निकाल लागला. म्हणजे मुले मायदेशी आली, तरी आईची वाट पाहणे संपले नव्हते.

आपल्या मंडळीतील कितीतरी घरांची मुले-सुना परदेशी आहेत. नातवंड तिकडे जन्मले व त्याचे भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद करावी. उशीर झाल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. आईबापांना अचानक अटक झाली, तर मूल कोणी सांभाळावे, हे तिकडच्या वकिलाकडून लिहून ठेवावे. भारतात ताब्याचा वाद झाला, तर ख्रिस्ती कुटुंबांस १८९० चा पालक व पाल्य कायदा लागू होतो, आणि त्यात मुलाचे हित पाहिले जाते. जन्माचा दाखला व पासपोर्ट यांच्या प्रती इकडे आजीआजोबांजवळही असू द्याव्यात.